सौदा पाठीनं होतो

अकोला,
८ सप्टेंबर २०२४

ती. मोठेबाबांना,
माधवीचा सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नका, सगळं ठीक आहे. तुमच्याशी फोनवर बोलायचा नाद मी सोडला, म्हणून लिहिते आहे. परवा मी सांगितलं की दोन दिवस ताप आहे, तर तुम्ही म्हणालात, "वा, वा, लय चांगलं झालं." डॉक्टरनं सुई दिली म्हटलं, तर म्हणालात, "सगळ्यायले दे थोडं थोडं," आणि फोन ठेवून दिलात. टीव्ही चालू असतो की तुमचं लक्ष नसतं, कोण जाणे. पत्र तरी नीट वाचाल.

शुक्रवारी आमच्या बँकेत चहाच्या वेळी एक विषय निघाला. आयुष्यात सगळ्यांत स्वस्तात काय मिळालं? वर्षाली मॅडमना बदली झालेल्या एका साहेबाचा फ्रिज मिळाला होता. साहेबाला त्याच संध्याकाळची गाडी पकडायची होती, फ्रिज काही डोक्यावर नेता येईना. आमचा शिपाई सूर्यभान म्हणाला, त्यानं अकोटच्या बाजारात एक बकरी घेतली, तिनं आठवड्याभरात दोन पिल्लं दिली. एकीच्या भावात तीन! मग मी तुमचा पंखा काढला. लॉज बंद पडली तेव्हा तुम्ही तो दीडशे रुपयांत उचलला, रेग्युलेटर फुकट मागितला आणि वर लॉजवाल्याकडूनच घरापर्यंत पोचवून घेतला. सगळ्यांनी हात जोडले.

पण शेजारच्या टेबलावरच्या करिश्मानं विचारलं, हाच का त्यांचा सगळ्यांत भारी सौदा? मला सांगता येईना. बाबा गेल्यावर तुमच्याच घरी वाढले, तुमच्या सौद्यांचं शेपूट धरून सगळे बाजार हिंडले, तरी कोणता पहिल्या नंबरचा ते ठाऊक नाही. तुम्हीच सांगा.

तुमची,
माधवी


अमरावती,
१३ सप्टेंबर

चि. माधवी,
जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. आजकालच्या फोनमध्ये दम नाही. माणूस विहिरीच्या तळातून बोलतो आहे असं वाटतं. ताप उतरला ना?

पंखा चांगला आहेच, पण भातकुलीच्या बाजारातली सायकल काही कमी नव्हती. मालक भाव सोडेना. मी उठलो आणि चालू लागलो. चिंचेच्या झाडापाशी पोचलो तेव्हा तो सायकल ढकलत मागून धावत आला, दुसऱ्या हातात पंप. म्हणाला, "न्या काकाजी, पंप बी न्या, पन असे जाऊ नका." सागाचा दिवाणही तसाच आला. कोणता पहिला ते जरा विचार करून सांगतो. सौद्यात घाई करू नये.

तुला रीत मात्र सांगून ठेवतो. समोरचा भाव सांगेल, आपण निम्मा सांगायचा. तो हसेल. हसू द्यावं. मग उठायचं आणि निघायचं. पाय ओढायचे नाहीत, मागे वळून पाहायचं नाही, खरोखरच चाललो असं चालायचं. मग हाक येतेच. सौदा तोंडानं होत नाही पोरी, पाठीनं होतो.

तुझ्या मोठ्या आईला याची फार लाज वाटायची. भाजीच्या गुजरीत शिरलो की ती भराभर माझ्या पुढे निघून जायची. "मी तुमाले ओळखत नाई," म्हणायची. माझी पिशवी भरली की मग पुन्हा सोबत यायची.

पण आता ती गुजरी राहिली नाही. मैनाबाईकडे मेथी विचारतो, निम्मा भाव सांगतो, उठतो, चालू लागतो. हाक येत नाही. पार पानठेल्याच्या कोपऱ्यापर्यंत जातो तरी येत नाही. मेथी नाही, वांगी नाही, तुम्ही कोथिंबीर म्हणता त्या सांबाराची जुडीसुद्धा नाही. पिशवी नेली तशी घडी घालून परत आणतो आणि वरण-भात खातो. एकदा वळून पाहावंसं वाटतं. पण वळलो तर सौदा गेला.

भाजीचं काही नाही गं. मैनाच्या आईपासून मी त्या पालावर भाजी घेतो. तिनंसुद्धा पाठमोऱ्या माणसाला हाक मारू नये, याचं वाईट वाटतं. गुलाम नबीच्या दुकानासमोरच्या ओट्यावर बसणंही मी सोडलं. पूर्वी तिथे संत्री कमी आणि गप्पा जास्त असायच्या. आता सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. माझ्याबद्दलच बोलत असतील. माणसं बदलली, दुसरं काय.

तुझे,
मोठेबाबा


अकोला,
१८ सप्टेंबर

ती. मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पण मैनाबाईवर रागावू नका. भाजी किती महाग झाली आहे! तिला परवडत नसेल. आता घासाघीस कशाला करता? ती सांगेल तो भाव देऊन टाकत जा. मी दर महिन्याला थोडे पैसे पाठवत जाईन.

नाहीतर सरळ अकोल्याला या. इथे माझी खोली रिकामीच आहे. एकटं राहून वरण-भात खाण्यात काय अर्थ आहे?

तुमची,
माधवी


अमरावती,
२९ सप्टेंबर

माधवी बेटा,

गुलामचाचाचा सलाम. सांगून मी राहिलो अन् लिहून आमची सूनबाई नगमा राहिली. मी बोलतो तसंच लिहिजो म्हनलं तिले. म्हनून अक्षर चांगलं दिसलं तरी चाचा सुधरला असं समजू नको.

बेटा, तुनं पैशे पाठवाचं लिवलं ते तुया मोठेबाबाच्या, पुंजाजीच्या जिवाले लागलं. पत्र माह्या समोर ठेवलं अन् चालला गेला. पैशाची गोष्टच नाई हे. तो बहिरा झाला. साऱ्या मोहल्ल्याले मालूम हाय, एक त्यालेच मालूम नाई.

हाक येत नाई म्हनते तो? अरे, मैना गळा फाडून वरडते, "काकाजी, या, घेऊन जा!" तिच्या बाजूचा लसनवाला वरडते. मी दुकानातून वरडतो. अन् हा मान ताठ करून नाकासमोर चालते! मैना एक दिवस रडाले आली. म्हने, चाचा, माह्यं काय चुकलं? तिनं मेथीची जुडी त्याच्या दारात ठेवली, तं यानं वापस आनून दिली. म्हने, भीक नाई पायजे मले.

हे हसन्यावारी नेलं असतं. पन मागच्या मंगळवारी एक टेम्पोवाला मागून हॉर्न वाजवून वाजवून थकला. हातभर अंतर राह्यलं होतं बेटा. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारून शिव्या घातल्या, अन् यानं हात वर करून त्याले जय भीम घातला. बाकीचे हसले. मी नाई हसलो. माह्या वयाचे आता कितीक राह्यले?

मंग मी डोकं चालवलं. समाजमंदिरात कानाचं शिबिर होतं. 'फुकट हाय' असं कागदावर लिवून दाखवलं, तं माह्या आधी जाऊन रांगेत उभा. डॉक्टरीनबाईनं तपासलं. म्हने, दोनी कानाले मशीन पायजे. अन् किंमत लिवून दाखवली. हा उठला अन् चालू लागला! दरवाज्याच्या भाईर जाऊन उभा राह्यला, पाठ करून. मले समजलं काहून ते. ते बाई हाक मारीन म्हनून वाट पाहत होता. तिले बिचारीले काय मालूम? तिनं पुढचा नंबर घेतला.

तपासनीचा कागद नगमानं तुया फोनवर पाठवला हाय. मशीन तू घे. पुरी किंमत त्याले सांगजो नको, घालनार नाई. अन् फुकट देजो नको, ते बी घालनार नाई. तू त्याच्याच हातची पोरगी. तुले मी काय शिकवू?

दुवा करतो.
गुलाम नबी


अकोला,
६ ऑक्टोबर

ती. मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

आधी माफी मागते. पैशांचं लिहायला नको होतं. तुम्ही मला बाजार शिकवला आणि मी तुम्हालाच सांगते की सांगेल तो भाव द्या! मोठी आई असती तर माझा कान पिळला असता.

आता एक सौदा आला आहे, तो तुम्हाला विचारल्याशिवाय करायचा नाही असं ठरवलं. वर्षाली मॅडमच्या दिरांचं दुकान आहे, ते जुन्या मॉडेलचा माल काढून टाकत आहेत. त्यात कानाच्या मशीनची एक जोडी आहे. तुम्हाला लागत नाही, मला माहीत आहे. पण हल्लीच्या फोनमध्ये दम नाही असं तुम्हीच लिहिलं होतं, आणि लोक तोंडातल्या तोंडात बोलतात तेही खरंच आहे. त्याला हे बरं पडतं म्हणतात. अडीच हजार सांगतात. काय करू?

तुमची,
माधवी


अमरावती,
११ ऑक्टोबर

चि. माधवी,
आशीर्वाद.

माझे कान ठणठणीत आहेत. जन्मभर एसटीत कंडक्टर होतो. मागच्या सीटवरचा माणूस अर्ध्या तिकिटासाठी पोराचं वय चोरून सांगायचा, ते मला पुढच्या दारात ऐकू यायचं.

पण दुकान माल काढून टाकत असेल तर वस्तू सोडू नये. लागत नसली तरी घरात असावी. मात्र अडीच हजार म्हणजे लूट आहे. जुना माल, त्याला वर्षभर गिऱ्हाईक नसणार. पाचशे सांग. चेहरा पाडू नकोस आणि वस्तू हातात धरून ठेवू नकोस. हातात धरली की दुकानदाराला कळतं.

गुलामला बरं वाटत नाही का? परवा माझ्याकडे पाहून नुसतेच ओठ हलवत होता.

तुझे,
मोठेबाबा


अकोला,
१५ ऑक्टोबर

ती. मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

पाचशे म्हटल्यावर दुकानदार हसला. मी हसू दिलं. वस्तू काउंटरवर ठेवली, चेहरा दगडासारखा ठेवला. आता दोन हजारांवर आला आहे. त्याखाली एक रुपया कमी होणार नाही म्हणतो. बोला, घेऊ का?

तुमची,
माधवी


अकोला,
४ नोव्हेंबर

ती. मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र नाही. पहिला आठवडा वाटलं, पोस्टात अडकलं. मग वाटलं, तब्येत बिघडली. नको नको ते मनात आलं. तो टेम्पो डोळ्यांसमोरून जाईना (हो, मला कळलं आहे). शेवटी नगमाला फोन केला. ती म्हणाली, मोठेबाबा टुणटुणीत आहेत. रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकात येऊन उभे राहतात, आणि तो गल्लीत दिसला की त्याच्याकडे पाठ करतात.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तुम्ही उठून निघाला आहात! आणि मी वेडी इथे उत्तराची वाट पाहत बसले.

तर आता नीट वाचा, मोठ्या अक्षरात लिहिते.

ओ मोठेबाबा! या! परत या! घेऊन जा! सातशेला देतो म्हणाला. सोबत सेलचं एक पाकीट फुकट.

पैसे तुम्हीच द्यायचे, मी एक रुपया घालणार नाही. रविवारी जोडी घेऊन येते. मैनाबाईकडून मेथी आणून ठेवू नका, आपण दोघं जाऊन आणू.

तुमची,
माधवी


अमरावती,
२२ नोव्हेंबर

चि. माधवी,
जय भीम आणि खूप खूप आशीर्वाद.

त्या रविवारी तू मशीन बसवून दिलीस, गुजरीत न जाताच तुला संध्याकाळच्या गाडीनं परत जावं लागलं, आणि मी तुला नुसतं "बरं आहे" म्हटलं. खरं म्हणजे त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं. माझ्या चपलांचा आवाज होतो हे मी विसरलोच होतो. भांडी केवढी वाजतात! आणि तो पंखा! त्याच्याइतका कर्कश पंखा मी आजवर ऐकला नाही. शेजारी इतके दिवस कसे झोपले, त्यांनाच ठाऊक. तुमच्या सूर्यभानला सांग, त्याची बकरीच खरी.

बरेच दिवस मी घरातच मशीन लावून बसलो. गुजरीत जायची भीती वाटत होती. मशीन लावूनही हाक आली नाही तर? मग दोष कानाला देता आला नसता.

परवा गेलो. केस कानावर ओढून घेतले होते, त्यामुळे मशीन कोणाला दिसली नाही. मैनाबाईच्या पालापासून थोडा दूर होतो, तेवढ्यात ती लसणवाल्याला म्हणाली, "काकाजी येऊन राहिले रे. भाव चढवून सांगजो."

तो नवा माणूस, जुन्या लसणवाल्याच्या जागी नुकताच बसलेला. म्हणाला, "काहून?"

"मंग उतरवतीन कायले ते? धाची जुडी वीस सांगाची. ते धा म्हनतीन, उठतीन, मंग आपन बलवाचं."

मी तिथेच उभा राहिलो. माधवी, मी आयुष्यभर ज्या भावाला सौदा समजत होतो, तो सगळ्या गावाचा भाव होता! मी जवळ गेलो आणि विचारलं, "मैना, हे कदीपासून चालू हाय?"

तिचा चेहरा मेथीहून हिरवा झाला. आधी तिला कळेचना, मला ऐकू कसं आलं. मग मी केस मागे सारून मशीन दाखवली. ती म्हणाली, "काकाजी, मी नाई केलं. माह्या मायच्या वक्तापासून हाय हे. काकू तुमच्या पुढं पुढं येत न, ते सांगत जात एकेका पालावर. म्हनत, आमचा मानूस भाव पाडल्याबिगर जेवत नाई. जराक चढवून सांगत जा माय."

म्हणजे ती लाजेनं पुढे जात नव्हती. सगळ्या बाजाराला माझ्यासाठी पढवत जात होती, आणि माझी पिशवी भरली की मुकाट्यानं सोबत चालत होती. घरी आल्यावर मी शेखी मिरवायचो आणि ती म्हणायची, "तुमचा हात कोन धरीन?" मला तिचा एवढा राग आला! आणि मग ती नाही म्हणून रडू आलं, तिथेच, भर गुजरीत. मैनानं तांब्याभर पाणी दिलं. गुलाम दुकान सोडून धावत आला आणि मला काय झालं हे न विचारता आधी मैनावरच ओरडला. केवढ्यानं ओरडतो तो! तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूसच नव्हे. त्याचा मी इतके दिवस उगाच संशय घेतला. आता रोज ओट्यावर असतो.

डोळे पुसले आणि मैनाला विचारलं, "मेथी कशी?" तिला वाटलं, आता दहाच सांगावेत. ती "धा..." म्हणाली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "वीस." मी दहा म्हटलं. ती हसली, मी हसू दिलं. मग उठलो आणि चालू लागलो.

पाय ओढले नाहीत पोरी. वळून पाहिलं नाही. लसणवाल्यापर्यंत पोचलो नसेन, आणि मागून आली: "ओ काकाजी! या! घेऊन जा!"

मी परत गेलो नाही. तसाच पुढे चालत राहिलो. तिनं पुन्हा हाक मारली. मग लसणवाल्यानं मारली, गुलामनं मारली. पानठेल्याच्या कोपऱ्यापर्यंत हाका येत होत्या. तेव्हा वळलो. मेथी घेतली. दहालाच.

आता तुझं. काल सेल आणायला इथल्या कानाच्या दुकानात गेलो. पोरगा माझी मशीन पाहून म्हणाला, "काकाजी, भारी जोडी घेतली. तीस हजाराच्या खाली येत नाई." मी म्हटलं, आणि सातशेला? तो हसला. मी त्यालाही हसू दिलं.

मैना चढवून सांगते, तू उतरवून सांगितलंस. सगळ्या मिळून मला फसवता. पण एक ध्यानात ठेव, सौदा झाला तो झाला. सातशे ठरले, सातशे दिले. वर एक पैसा देणार नाही. तू रागावून निघालीस तर हाक मारीन, पण पैसे देणार नाही.

आणि तू विचारलं होतंस, सगळ्यांत भारी सौदा कोणता. करिश्माला सांग, सातशेचा. त्यात मला गुलामचं ओरडणं मिळालं, मैनाची हाक मिळाली, आणि तुझी मोठी आई पुढे पुढे कशाला चालायची तेही मिळालं.

आता फोन कर. ताप आला तर "वा, वा" म्हणणार नाही.

उद्या मला भाजी नको आहे, मेथी अजून शिल्लक आहे. तरी गुजरीत जाणार आहे. पिशवी घरीच ठेवीन. भाव विचारीन आणि उठून चालू लागेन.

तुझे,
मोठेबाबा